कवटीला पाडलेलं खोटं भोक

रुग्णाला टेबलावर घेतात, डोक्याला चौकट आवळतात, कातडीला चीर देतात आणि ड्रिल लावतात. कवटीचा बाहेरचा थर खरवडला की ड्रिल थांबतो. मेंदूवरचं जाड आवरण शाबूत राहतं, आत काहीही सोडलं जात नाही. मग ठरलेला वेळ जाऊ देतात, टाके घालतात, पट्टी बांधतात. पुढे वर्षभर त्याचे हातपाय तपासणाऱ्या डॉक्टरलाही हे सांगत नाहीत की या माणसाच्या मेंदूत काही गेलेलंच नाही. २०१० साली निकाल छापून आलेल्या पार्किन्सनच्या एका जनुकोपचार चाचणीत ५८ पैकी २० जणांना अशी लटकी शस्त्रक्रिया मिळाली. इंग्रजीत तिला 'शॅम सर्जरी' म्हणतात, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांच्या तोंडीही तोच शब्द आहे.

ऐकायला हे क्रूर वाटतं. नीतिशास्त्रज्ञ रूथ मॅक्लिन यांनी १९९९ मध्येच यावर आक्षेप घेतला होता: साखरेची गोळी देणं वेगळं आणि फायद्याची शक्यता शून्य असताना माणसावर सुरी चालवणं वेगळं. हा जुना वाद नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा पेटला. हालचाली आणि बुद्धी हळूहळू हिरावणाऱ्या हंटिंग्टन या आनुवंशिक रोगावरच्या 'एएमटी-१३०' या जनुकोपचाराचे आकडे फक्त बाहेरच्या, उपचार न घेतलेल्या रुग्णांशी ताडून पाहिलेले पुरेसे नाहीत, अशी भूमिका अमेरिकेच्या औषध नियामकाने म्हणजे एफडीएने घेतल्याचं युनिक्युअर या कंपनीने जाहीर केलं. रुग्णांच्या कुटुंबांनी संताप व्यक्त केला, आणि तो समजण्यासारखा होता.

माझ्या मते खोटं भोक पाडणं मुळात अनैतिक नाही. पण ते पाडण्याचा हक्क आधी कमवावा लागतो, आणि तो कमवण्याची अट नियामकांनी आजवर नीट लिहून काढलेली नाही. आपलं औषध खऱ्या भोकातून मेंदूत जिथे पोचायला हवं तिथे पोचतं, हे ज्याने चित्रासह दाखवलं, त्यालाच दुसऱ्या कुणाच्या कवटीला खोटं भोक पाडू द्यावं.

हे पटायला आधी खऱ्या भोकातून काय होतं ते पाहावं लागेल.

एएव्ही हा जेमतेम २५ नॅनोमीटरचा विषाणू. त्याच्या पोटातलं मूळ सामान काढून तिथे हवं ते जनुक भरतात, पण जागा फार थोडी: डीएनएची सुमारे ४,७०० अक्षरं. शिरेतून दिला तर रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी त्याला बरीचशी अडवते, आणि जे आत जात नाही ते यकृतात साठतं. स्नायूंच्या एसएमए या आजारावरचं झोलजेन्स्मा शिरेतून देतात, तेव्हा दर किलो वजनामागे विषाणूच्या ११० लाख कोटी प्रती द्याव्या लागतात. थेट मेंदूत सोडायचं तर हिशेबच बदलतो.

एएडीसी या विकराची जन्मजात उणीव हे त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. या विकराशिवाय मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही निरोप पोचवणारी रसायनं बनत नाहीत. मूल मान धरत नाही, बसत नाही, आणि काही दिवसांआड डोळे वर फिरून तासन् तास तसेच राहतात. बऱ्याचदा त्याला सेरेब्रल पाल्सी किंवा फिट्स समजून वर्षं जातात. विकराचं जनुक लहान आहे, एएव्हीच्या पोटात आरामात मावतं. तैवानच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये चार मुलांवरचा पहिला अनुभव छापला. युरोपने २०२२ मध्ये आणि एफडीएने नोव्हेंबर २०२४ मध्ये या औषधाला परवानगी दिली. थेट मेंदूत सोडायचा जनुकोपचार अमेरिकेत मंजूर होण्याची ती पहिलीच वेळ.

मात्रा बघा. एकूण ०.३२ मिलीलिटर, म्हणजे सहा-सात थेंब. त्यात सुमारे १८ हजार कोटी प्रती. औषध उणे ६५ अंशांखाली गोठवून ठेवतात आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी वितळवतात. डाव्या-उजव्या पुटामेनमध्ये, म्हणजे मेंदूच्या खोल भागातल्या हालचालींच्या केंद्रात, प्रत्येकी दोन जागा निवडतात. प्रत्येक जागी ०.०८ मिलीलिटर, मिनिटाला ३ मायक्रोलिटर या वेगाने. एका जागेला २७ मिनिटं लागतात. पंप चालू आहे, नळी स्थिर आहे, आणि अख्खी खोली अर्धा तास दीड थेंब आत जाण्याची वाट बघते आहे. कवटी पुरेशी पक्की झालेली नसेल तर हा उपचार देताच येत नाही, कारण चौकटीला धरायला काही नसतं.

इतकं सावकाश का? सुईने भस्सकन सोडलं तर द्रव टोकाशी साचतो आणि तिथून पुढे फक्त झिरपून जातो. झिरपण्याने काही मिलिमीटरच पल्ला मिळतो, आणि विषाणू तर साध्या रेणूपेक्षा कितीतरी मोठा. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत निघालेली युक्ती अशी की सतत हलका दाब ठेवायचा. मग द्रव पेशींमधल्या फटींतून स्वतःच वाट काढत एकसंध गोळ्यासारखा पसरतो. दाब वाढला की तोच द्रव सगळ्यात सोपी वाट धरतो, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे नळीच्या बाहेरच्या अंगाने परत वर. याला रिफ्लक्स म्हणतात. त्यावर उपाय म्हणून नळीला टोकाच्या अलीकडे पायरी असते: टोक बारीक, पुढे एकदम जाड. वर चढणारा द्रव त्या पायरीला अडतो. आतली नळी सिलिकाची, सुमारे २०० मायक्रॉन व्यासाची. प्लास्टिक वापरलं तर विषाणूच भिंतीला चिकटून बसायची भीती असते, आणि बाटलीवर लिहिलेली मात्रा मेंदूपर्यंत जातच नाही.

बिघडायला इतरही बरंच काही आहे. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर तो टोकाशी पोकळी करतो आणि पसरण्याचा आकारच बिघडतो. टोक रक्तवाहिनीजवळ गेलं तर द्रव वाहिनीभोवतीच्या मोकळ्या जागेत शिरतो आणि पन्हळीतून गेल्यासारखा भलतीकडे निघून जातो. कवटी उघडल्यावर मेंदूभोवतीचं पाणी गळतं, मेंदू काही मिलिमीटर खाली बसतो, आणि सकाळच्या स्कॅनवर आखलेला मार्ग दुपारी खरा राहत नाही. पुटामेन पुढून मागे लांबट आहे. वरून टोचलं तर नळी त्याला आडवी छेदते, मागून, म्हणजे डोक्याच्या पाठच्या बाजूने गेलं तर लांबीभर चालते.

आणि हे सगळं दिसतं. द्रवात गॅडोलिनियमचा एमआरआय रंग थोडा मिसळला की पडद्यावर पांढरा डाग वाढताना दिसतो: कुठे गेला, किती भरला, कुठून गळतोय. गळती दिसली तर वेग कमी करता येतो, नळी पुढे सरकवता येते किंवा सोडणं थांबवता येतं. म्हणजे औषध पोचलं का, हा प्रश्न आज श्रद्धेचा राहिलेला नाही, मोजायचा झाला आहे.

आता ती २०१० ची चाचणी. औषध होतं एएव्ही-२ मधून दिलेलं न्यूरट्युरिन, डोपामिनच्या पेशींना जगवणारं प्रथिन. आधीच्या १२ जणांच्या उघड चाचणीत, म्हणजे सगळ्यांना खरं औषध आणि सगळ्यांना ते माहीत, वर्षभरात हालचालींचे गुण ३६ टक्क्यांनी सुधारले. बातम्या झाल्या. मग ५८ जणांची आंधळी चाचणी झाली, म्हणजे खरं औषध कुणाला हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, आणि १२ महिन्यांनी दोन गटांत फरक आढळला नाही. १८ महिन्यांपर्यंत पाहिलेल्या थोड्या रुग्णांत किंचित फरक दिसला, म्हणून औषध सब्स्टान्शिया नायग्रामध्येही, म्हणजे डोपामिनच्या पेशी जिथे असतात त्या भागातही, सोडून तिसरी चाचणी केली. तीही २०१५ मध्ये अपयशी म्हणून छापली गेली.

या कहाणीचा नेहमी एकच बोध काढला जातो: बघा, खोटं भोक नसतं तर निकामी औषध बाजारात आलं असतं. बरोबर आहे, पण अर्धंच. पहिल्या काळात औषध घेतलेल्या दोन रुग्णांचा पुढे अन्य कारणांनी मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे मेंदू तपासले. पुटामेनच्या सुमारे १५ टक्के भागातच न्यूरट्युरिन बनत होतं, आणि ते ज्या पेशींपर्यंत मागे वाहत जायला हवं होतं तिथे जवळजवळ नव्हतंच. म्हणजे ज्या २० जणांच्या कवटीला खोटं भोक पाडलं, त्यांनी नक्की कशाची परीक्षा घ्यायला मदत केली? न्यूरट्युरिनची नाही. ८५ टक्के कोरड्या राहिलेल्या पुटामेनची. त्या चाचणीने औषध चालत नाही हे सिद्ध केलं नाही, चालतं हेही नाही. नळीने काम केलं नव्हतं, एवढंच नंतर कळलं. हे मला सगळ्यात अनैतिक वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

याच्या शेजारी दुसरी चाचणी ठेवा. पार्किन्सनच्याच १५ रुग्णांना एएडीसीचं जनुक एमआरआयमध्ये बघत बघत दिलं. पहिल्या गटात पुटामेनचा २१ टक्के भाग भरला, दुसऱ्यात ३४, तिसऱ्यात ४२. रोजची औषधं त्याच क्रमाने १५, ३३ आणि ४२ टक्क्यांनी कमी करता आली. रुग्ण थोडे, खोटा गट नाही, त्यामुळे यावरून शपथ घेऊ नये. पण अशा चाचणीनंतर कुणी खोट्या भोकाची परवानगी मागितली तर त्याच्या हातात काहीतरी आहे. त्याच औषधाची पुढची मोठी चाचणी २०२० च्या डिसेंबरमध्ये थांबली, कारण काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये अनपेक्षित बदल दिसले. पोचणं ही पहिली पायरी आहे, सुरक्षिततेची हमी नाही.

मग खोटं भोक लागतंच कशाला, पोचल्याचं दिसलं की झालं, असं कुणी म्हणेल. पार्किन्सनमध्ये तसं म्हणता येत नाही. २००१ मध्ये पेट स्कॅनने दाखवलं की औषध मिळालं या नुसत्या अपेक्षेनेही पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन सुटतं. म्हणजे इथे भ्रम आणि औषध एकाच रसायनातून बोलतात. त्याच वर्षी गर्भपेशींच्या रोपणाची चाचणी छापली गेली. ४० जण, त्यातल्या निम्म्यांना कपाळावर नुसती भोकं. पुढच्या विश्लेषणात निघालेली गोष्ट अजून अस्वस्थ करते: ज्यांना आपल्याला पेशी मिळाल्या असं वाटत होतं त्यांचं जगणं सुधारलं, मग खरंच मिळाल्या असोत वा नसोत. आणि खरोखर पेशी मिळालेल्यांपैकी काहींना पुढे आवरता न येणाऱ्या हालचालींचा त्रास सुरू झाला. खोटा गट नसता तर हा उपचार गावोगावी विकला गेला असता. सध्या चालू असलेल्या, जीडीएनएफ हे प्रथिन देणाऱ्या पार्किन्सनच्या जनुकोपचार चाचणीत लटक्या शस्त्रक्रियेचा गट आहे, आणि तो असायलाच हवा.

एएडीसीच्या मुलांत मात्र खोटं भोक पाडणं हा गुन्हा ठरला असता. गंभीर स्वरूपाचा आजार असलेल्या, उपचार न मिळालेल्या ४३ मुलांच्या नोंदी उपलब्ध होत्या. एकानेही हालचालींचा नवा टप्पा गाठलेला नव्हता. उपचारानंतर ४८ आठवड्यांनी तपासलेल्या १२ पैकी ८ मुलांनी गाठला. दोन वर्षांचं मूल अपेक्षेच्या जोरावर मान धरू लागत नाही. १३ पैकी १० मुलांना उपचारानंतर काही काळ अनैच्छिक हालचाली झाल्या, आणि एका अर्थी तीही डोपामिन तयार होत असल्याची खूणच होती. उपचाराविना आजार कसा जातो हा निसर्गक्रम इतका ठाम असेल तर तोच तुलनेचा गट.

हंटिंग्टन या दोन टोकांच्या मधे उभा आहे, म्हणून तिथे भांडण आहे. या रोगात बिघडलेलं, हंटिंग्टिन या प्रथिनाचं जनुक एएव्हीत मावण्याच्या कितीतरी पलीकडचं, म्हणून एएमटी-१३० नवं जनुक देत नाही. जुन्याचा आवाज बंद करणारा सूक्ष्म आरएनए देतं. शस्त्रक्रिया १२ ते १८ तासांची. जास्त मात्रा ६० लाख कोटी प्रतींची, म्हणजे एएडीसीच्या औषधाच्या तीनशेपटीहून अधिक. २०२२ मध्ये जास्त मात्रेच्या काही रुग्णांत गंभीर प्रतिक्रिया दिसल्याने शस्त्रक्रिया काही महिने थांबवल्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तीन वर्षांचे आकडे आले: जास्त मात्रा घेतलेल्या १२ जणांत रोगाचा वेग ७५ टक्क्यांनी मंदावला. गुणांची घसरण ०.३८, तर या रोगाच्या कुटुंबांच्या नोंदवहीतून जुळवून घेतलेल्या, उपचार न मिळालेल्या रुग्णांत १.५२. पाठीच्या पाण्यातला पेशी मरत असल्याचा खुणेचा पदार्थ सुरुवातीच्या पातळीपेक्षा ८.२ टक्के खाली. हा पदार्थ रुग्णाच्या आशेने खाली येत नाही, आणि म्हणून माझं मत औषधाच्या बाजूला झुकतं.

पण १२ म्हणजे १२. आणि त्या गुणांत भर आहे ती शब्द वाचण्याची गती, चिन्हं जुळवण्याची गती आणि रोजची कामं किती जमतात याबद्दलच्या मुलाखतीची. तीन वर्षं एका नामांकित केंद्राच्या देखरेखीत असलेला, मेंदूची मोठी शस्त्रक्रिया करून घेण्याइतका ठाम माणूस आणि नोंदवहीतला त्याच्या वयाचा, त्याच टप्प्यावरचा माणूस सारखेच असतात का? गणिताने बरंचसं सारखं करता येतं, सगळं नाही. एफडीएची शंका शास्त्राला धरून आहे. तिची वेळ चुकली. बाहेरच्या तुलनेवर आधी सहमती देऊन, रुग्ण तीन वर्षं चालल्यावर ती मागे घ्यायची, हे नियामकाला शोभत नाही. कंपनीचं म्हणणं खरं असेल तर असंच झालं आहे.

तीन वर्षं खोटं भोक घेऊन हंटिंग्टनचा रुग्ण बसवून ठेवा, हेही उत्तर नाही. तेवढ्यात त्याची नोकरी, गाडी चालवणं, सह्या करणं जातं. याच औषधाच्या अमेरिकेतल्या पहिल्या टप्प्यात १० जणांना एक वर्षासाठी लटकी शस्त्रक्रिया होती, नंतर पात्र असलेल्यांना खरं औषध घेण्याची वाट मोकळी होती. तो आराखडा मला योग्य वाटतो: एक वर्ष, दोन्ही गटांना तपासणारा डॉक्टर अंधारात, आणि उशिरा उपचार मिळालेला गट पुढची वर्षं आधीच्या गटाच्या मागे तेवढ्याच अंतराने राहतो का हे बघणं. औषध रोग मंदावत असेल तर ते अंतर भरून निघणार नाही. अपेक्षेचा खेळ असेल तर दोन्ही रेषा लवकरच एकमेकींना भेटतील.

खोट्या गटाची एक बाजू सहसा मांडली जात नाही. एकदा एएव्ही घेतला की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि पुढे अधिक चांगलं औषध आलं तरी त्याच वाहनातून ते घेण्याची दारं बहुधा बंद होतात. मेंदूत सोडलेलं परत काढताही येत नाही. खोटं भोक पडलेल्या माणसाकडे हे दोन्ही पर्याय शिल्लक असतात. चाचणीत कोण जास्त धोका पत्करतो, याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

आपला संबंध काय? पैशाचा तर आहेच. एएडीसीच्या औषधाची ब्रिटनमधली छापील किंमत ३० लाख पौंडांच्या आसपास, म्हणजे ३० कोटी रुपयांच्या वर. आपल्या दुर्मीळ आजार धोरणात मुंबईच्या केईएमसारख्या केंद्रांमार्फत मिळणारी मदत ५० लाखांपर्यंत. ती दरी भरायला कुठलंही वर्गणीचं आवाहन पुरं पडणार नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी १६ कोटी जमले, पण तेही या किमतीच्या जेमतेम निम्मे. पण त्याहून जवळचा संबंध नोंदींचा आहे. हंटिंग्टनच्या चाचणीला तुलना मिळाली ती हजारो कुटुंबांनी वर्षानुवर्षं भरलेल्या नोंदवहीमुळे, आणि त्यातली कुटुंबं मुख्यतः युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलेशियातली. जिथे नोंदी चांगल्या, तिथे खोटी भोकं कमी पाडावी लागतात. एएडीसीच्या उणिवेचा सुगावा वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून, ३-ओएमडी हा पदार्थ मोजून लागू शकतो. मामेबहीण-आतेभावाची लग्नं अजून होणाऱ्या भागात तरी, मान न धरणाऱ्या आणि डोळे फिरवणाऱ्या प्रत्येक बाळाचा तो ठिपका घ्यायला काही कोटी लागत नाहीत.

अशा चाचण्या इथे येतील. चौकट लावून मेंदूत खोल इलेक्ट्रोड बसवणारे हात मुंबई-पुण्यात आहेत, आणि परदेशी कंपन्यांना रुग्ण हवे असतात. त्या दिवशी रुग्णालयाच्या नीतिसमितीने विचारायचे प्रश्न आजच ठरवता येतात. नळी कोणती, पायरी आहे का, द्रवात एमआरआयचा रंग आहे का? लक्ष्याचा किती भाग भरला तर शस्त्रक्रिया यशस्वी धरणार, आणि तो आकडा चाचणी सुरू होण्याआधी लिहिलाय का? त्याखाली राहिलेल्या रुग्णाचं काय करणार? या शस्त्रवैद्याने आधी किती वेळा हे केलंय? खोट्या गटाला खरं औषध नेमकं कितव्या महिन्यात मिळणार, आणि तोवर कंपनी बुडाली तर? २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियमांत चाचणीतल्या प्रक्रियेमुळे झालेल्या इजेची भरपाई आहे आणि चाचणीनंतर औषध मोफत देण्याची तरतूदही आहे. खोट्या भोकाला झालेला जंतुसंसर्ग त्यात येतो, हे संमतिपत्रात स्वतंत्र ओळीत हवं.

आणि ते संमतिपत्र मराठीत असेल तेव्हा त्यात 'नियंत्रण प्रक्रिया', 'अनुकरणात्मक हस्तक्षेप' असले शब्द नकोत. तिथे असं लिहावं: तीनपैकी एकाच्या डोक्याला चीर देऊन कवटीला अर्धवट भोक पाडलं जाईल. मेंदूत काहीही सोडलं जाणार नाही. तो एक तुम्ही आहात की नाही, हे तुम्हाला बारा महिने सांगितलं जाणार नाही.